भरल्या तळ्यात मासे गुदमरतात कसे?

जून अर्धा सरतो, आठवडाभर उकाड्याने जीव नको होतो, मग एका रात्री विजा कडाडून पहिली दणदणीत सर पडते. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालेल्यांना तळ्याच्या कडेला पांढरी पोटं वर करून पडलेले मासे दिसतात. सुरसागर तळ्याच्या आसपास राहणाऱ्या बडोदेकराला हे दृश्य नवं नाही. नऊ वाजेपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपांवर पोचतात आणि दुपारपर्यंत ‘कुणीतरी विष कालवलं’ असा निकाल लागलेला असतो.

विष कधी कधी असतंही. पण अशा सकाळी मेलेले मासे बहुतेक वेळा गुदमरलेले असतात. हे ऐकून लोक चक्रावतात. पाऊस झाला, वारा सुटला, पाणी थंड झालं, वर सगळं मोकळं आभाळ. मग हवेची कमी कशी पडली?

उत्तर पाण्याच्या एका गुणात आहे. पाण्यात विरघळलेली कुठलीही गोष्ट स्वतःहून फार लांब जात नाही. ऑक्सिजन केसाच्या जाडीइतकं अंतर सेकंदभरात ओलांडतो आणि हातभर अंतराला दीड वर्ष लावतो. त्यामुळे तळ्यातल्या जिवांचं जगणं पाणी हलतं का, किती हलतं आणि कुठल्या वेळी हलतं यावर ठरतं.

## विसरण किती संथ असतं

पाण्यातले रेणू सतत इकडेतिकडे धडकत असतात. कोणी ढकललं नाही तरी या धडकांमुळे एखादा पदार्थ जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे हळूहळू सरकतो. यालाच विसरण म्हणतात. आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये त्याचा नियम गणितात मांडला आणि आजही तोच वापरला जातो.

त्यातली मेख अशी की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट, अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. २५ अंश सेल्सिअसच्या स्थिर पाण्यात ऑक्सिजनचा हिशेब करून पाहा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला सेकंदाचा चाळिसावा हिस्सा लागतो. एका मिलिमीटरला चार मिनिटं. एका सेंटिमीटरला सात तास. एका मीटरला आठ वर्षं. आणि तीन मीटर खोल तळ्याच्या तळापर्यंत पोचायला सुमारे सत्तर वर्षं.

लिंबाच्या सरबतात साखर टाकून चमचा न फिरवता पेला ठेवून दिला तर पहिला घोट आंबट आणि शेवटचा पाकासारखा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पेला अगदी अढळ राहिला, तर तळाची गोडी दहा सेंटिमीटर वर यायला तीन महिन्यांहून जास्त काळ लागेल. ऑक्सिजन साखरेपेक्षा चपळ आहे, पण फक्त चौपट.

हवेत हेच काम पाण्याच्या सुमारे दहा हजार पट वेगाने होतं. शिवाय हवेत माल भरपूर. एक लिटर हवेत २७५ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात, अगदी पूर्ण भरला तरी, साडेसात मिलिग्रॅम. पाणी तापेल तसं हे आणखी घटतं: १५ अंशांना दहा मिलिग्रॅम, ३५ अंशांना सात. थंड रक्ताच्या जिवांची भूक मात्र उष्णतेबरोबर वाढते, म्हणजे मे महिन्यात गरज जास्त आणि साठा कमी.

## जीव लहान असेल तर काहीच अडत नाही

ऑगस्ट क्रोग या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने (१९२० चं नोबेल याचंच) विसरणाच्या गणितावरून दाखवलं की निव्वळ विसरणावर जगणारा गोल जीव साधारण मिलिमीटरभराच्या पुढे वाढू शकत नाही. त्यापुढे आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन वेळेत पोचत नाही. ज्यांना त्याहून मोठं व्हायचं होतं त्यांनी दोनच मार्ग काढले. एक तर अंग चपटं ठेवायचं, जसे चपटे कृमी. नाहीतर पाणी किंवा रक्त स्वतः खेळवायचं, जसे जवळपास बाकी सगळे.

मिलिमीटरच्या आतलं जग आपल्याला कल्पना करता येणार नाही इतकं वेगळं आहे. जिवाणूला पाणी घट्ट भासतं. पोहता पोहता त्याची शेपटी थांबली, तर तो एका अणूच्या जाडीइतकंही पुढे घसरत नाही, जागच्या जागी थिजतो. त्याने पाणी ढवळायचं म्हटलं तरी ढवळलं जात नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याच्या आकाराच्या अंतरावर विसरण कुठल्याही हालचालीपेक्षा वेगवान असतं. तो पोहतो ते जास्त अन्न असलेल्या जागी जायला, तोंडाजवळ पाणी आणायला नव्हे. तळं हिरवं करणाऱ्या बारीक शैवालाचं साधारण असंच. म्हणून साचलेल्या पाण्यात सगळे तडफडत असताना जिवाणू आणि शैवाल मात्र मजेत असतात. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

## अंगाला चिकटलेलं पाणी

वाहत्या पाण्यात दगड, पान, अंडं, काहीही ठेवलं तरी त्याच्या अगदी लगतचं पाणी वाहत नाही. ते चिकटून राहतं. संथ पाण्यात या थराची जाडी अर्धा-एक मिलिमीटर असते, प्रवाह वाढला की ती दहाव्या हिश्शावर येते. हा थर ओलांडायला विसरणाखेरीज दुसरं वाहन नाही. म्हणजे एक मिलिमीटरचा थर असेल तर चार मिनिटं, दशांश मिलिमीटरचा असेल तर अडीच सेकंद. वाहत्या पाण्याचा खरा फायदा हा आहे. बाहेरचं पाणी ताजं येतं हे तर आहेच, पण त्वचेशी असलेली शेवटची अडचणही प्रवाह पातळ करतो.

पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिलासारख्या वनस्पतींची पानं एक-दोन पेशींइतकी पातळ आणि अरुंद असतात ती यामुळेच. त्यांना कार्बन डायऑक्साइड याच थरातून ओढावा लागतो. घरच्या काचेच्या टाकीत ऊन आणि खत भरपूर देऊनही झाडं खुरटी राहतात तेव्हा पाण्याची हालचाल तपासावी. सेकंदाला दोन-चार सेंटिमीटर एवढी संथ हालचालही पुरते. पानं जेमतेम डोलली पाहिजेत.

सगळ्यात नाजूक मामला अंड्यांचा. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे तळ्यात वर्षानुवर्षं वाढतील, पण तिथल्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पाण्यात पडलेलं अंडं पाणी शोषून चार-पाच मिलिमीटरचं होतं. न चिकटणारं, पाण्यापेक्षा किंचित जड. प्रवाहात ते लोळत राहतं, थांबलं की तळाशी बसतं. २८ अंशांच्या आसपास चौदा ते अठरा तासांत पिल्लू बाहेर येतं आणि या तासांत त्याची ऑक्सिजनची भूक झपाट्याने वाढत जाते.

म्हणून मत्स्यबीज केंद्रात अंडी गोल हौदात ठेवतात. तळाशी तिरकी बसवलेली, बदकाच्या चोचीच्या आकाराची नळाची तोंडं पाणी गोल फिरवत ठेवतात. वेग कमी पडला की अंडी मधोमध ढीग करून बसतात, ढिगाच्या आतली गुदमरतात, पांढरी पडतात, त्यांच्यावर बुरशी येते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते. वेग जास्त झाला की कवचं वेळेआधी फुटतात आणि अर्धवट वाढलेली पिल्लं बाहेर पडून मरतात. वीज गेल्यावर पंप बंद पडला तर इथे तासभरात सगळा हंगाम जाऊ शकतो. जनरेटर ही तिथली चैन नसते.

काही जीव पंखा स्वतःच लावून घेतात. गटाराच्या गाळात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे लाल धाग्यासारखे किडे सगळ्यांनी पाहिलेत. ऑक्सिजन कमी होईल तशी ते शेपटी अधिक बाहेर काढतात आणि अधिक जोरात हलवतात. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच हिमोग्लोबिनचा. डासांच्या अळीने तर पाण्यातल्या ऑक्सिजनवरची भिस्तच जवळपास सोडली आहे. ती नळी पृष्ठभागाला लावून थेट हवा घेते. पृष्ठभाग सतत हलता असला की तिला नळी टेकवता येत नाही, म्हणून जोरात वाहणाऱ्या पाण्यात डास सहसा होत नाहीत.

## माशाचा कल्ला करतो काय

एक ग्रॅम ऑक्सिजन मिळवायला हवेत चार लिटरसुद्धा हवा लागत नाही. ३० अंशांच्या पाण्यात त्यासाठी सव्वाशे लिटरहून जास्त पाणी कल्ल्यांवरून जावं लागतं, तेही पाण्यातला कण अन् कण काढून घेतला तर. आणि पाणी हवेपेक्षा आठशे पट जड आहे. मासा सारखं तोंड उघडतो-मिटतो त्याचं कारण हे.

कल्ल्यातले पापुद्रे एकमेकांपासून मिलिमीटरच्या काही शतांश अंतरावर असतात. दोन पापुद्र्यांमधल्या पाण्यातला ऑक्सिजन पापुद्र्यापर्यंत सेकंदाच्या आत पोचावा, म्हणून ही दाटी. पापुद्र्यात रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते तर थोड्याच अंतरात दोन्हीकडचं प्रमाण सारखं होऊन देवघेव थांबली असती, निम्मा ऑक्सिजन पाण्यातच राहिला असता. उलट वाहण्यामुळे रक्ताला वाटेत सतत आपल्यापेक्षा थोडं श्रीमंत पाणी भेटतं आणि ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन निघतो. आपली फुफ्फुसं श्वासातल्या ऑक्सिजनपैकी जेमतेम पाव भाग घेतात.

एवढं कसबी यंत्र असूनही त्याला पाण्यात काहीतरी शिल्लक असावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीव जगवण्यालायक पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. रोहू-कटल्याला पाचाच्या वर बरं वाटतं, तीनच्या खाली त्यांचं खाणं सुटतं, एकाच्या आसपास ते मरू लागतात. कल्ल्यात माती बसली किंवा शेवाळाने पापुद्रे एकमेकांना चिकटले, तर पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो.

## उन्हाळ्यात तळं वरखाली दुभंगतं

आता जूनच्या त्या पहाटेकडे. एप्रिल-मेमध्ये उन्हाने वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतं. समजा वर ३४ अंश आहेत आणि तळाशी २९. फरक पाचच अंशांचा, पण हजार लिटरमागे वजनात दीड किलोचा फरक पडतो. थंड मुलखात ४ आणि ९ अंशांच्या पाण्यात असाच पाच अंशांचा फरक असला तर तो दोनशे ग्रॅमही होत नाही. आपल्याकडच्या उथळ तळ्यांतही थर पक्के बसतात ते यामुळे. दुपारची मंद झुळूक त्यांना मिसळू शकत नाही, आणि चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिलेल्या शहरी तळ्याला तर तीही मिळत नाही.

थर बसले की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून ऑक्सिजन विसरणाने येईल म्हणावं तर मीटरला आठ वर्षं. तळाच्या गाळात मात्र जिवाणू जेवत असतात: सांडपाणी, कुजलेलं शेवाळ, निर्माल्य, पानगळ. काही दिवसांत तळाचा ऑक्सिजन शून्यावर येतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया साठत जातो. सडक्या अंड्याचा वास येतो तो यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा.

वरच्या थरात दिवसा सगळं ठीक दिसतं. हिरव्या पाण्यात दुपारी तीन वाजता ऑक्सिजन पंधरा मिलिग्रॅमही भरतो. पण तेच शैवाल रात्रभर श्वास घेतं, आणि पहाटे पाच-सहाला आकडा दोनवर आलेला असू शकतो. दुपारी घेतलेलं माप दाखवून ‘पाणी उत्तम आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

## मग पाऊस जीवनदायी की जीवघेणा?

आधी दोन-तीन दिवस आभाळ भरून राहतं, शैवालाला ऊन मिळत नाही, दिवसाची कमाई घटते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. मग सर कोसळते. पावसाचं पाणी तळ्यापेक्षा बरंच थंड, म्हणून जड. ते वरचा थर फोडून खाली जातं. वादळी वारा ढवळायला असतोच. काही तासांत दोन महिन्यांचे थर एक होतात.

हिशेब साधा आहे. वरच्या दीड मीटरमध्ये सहा मिलिग्रॅम, खालच्या दीड मीटरमध्ये शून्य. मिसळल्यावर सगळीकडे तीन. पण तिथे थांबत नाही. तळातून आलेल्या प्रत्येक ग्रॅम हायड्रोजन सल्फाइडला पुरतं बदलायला जवळपास दोन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. रस्त्यांवरची उन्हाळाभराची घाण पावसाच्या पहिल्या लोटाबरोबर तळ्यात येते ती वेगळीच. तीनचा एक व्हायला पहाटेपर्यंतचा वेळ पुरतो.

‘पण पावसाबरोबर ऑक्सिजनही येतो ना?’ येतो. इंचभर पाऊस म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर पाणी, त्यात फार तर दोनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन. तीन मीटर खोल तळ्यात त्याच चौरस मीटरखाली तीन हजार लिटर पाणी असतं. दोनशे मिलिग्रॅम तीन हजार लिटरांत वाटले तर लिटरच्या वाट्याला मिलिग्रॅमचा पंधरावा भागही येत नाही.

## विष असतं तर कसं कळलं असतं

गुदमरण्याची खूण वेळेत असते. मासे पहाटे मरतात, ऊन चढल्यावर मरण थांबतं. मोठे आधी जातात, बारकी पिल्लं बऱ्याचदा वाचतात. आदल्या रात्री मासे पृष्ठभागाला तोंड लावून गटागटा पाणी घेताना दिसतात, कारण हवेला लागून असलेल्या मिलिमीटरभर थरात विसरणाने आलेला थोडा ऑक्सिजन असतो. तिलापियाला, म्हणजे चिलापीला, हे छान जमतं. मरळ आणि मागूर तर सरळ हवाच घेतात. कटला मेला आणि मरळ जिवंत आहे असं दिसलं तर कारण जवळपास ठरलंच. विषाला वेळ नसते. ते लहान-मोठ्यांना एकदम घेतं, पाण्यातले किडेही मरतात, आणि मेलेले मासे बहुधा एखाद्या नाल्याच्या तोंडाशी जास्त सापडतात.

## तळ्याला वरून हवा लागतेच की!

लागते, पण पृष्ठभागालाही तोच चिकटलेला पातळ थर आहे. वारा पडलेला असताना अगदी उपाशी तळंसुद्धा चौरस मीटरला दिवसाकाठी दोन-तीन ग्रॅम ऑक्सिजनच आत घेऊ शकतं. सांडपाणी मिळणाऱ्या तळ्याचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. त्यावर जलपर्णी पसरली की वारा पाण्याला शिवत नाही. ‘वनस्पती आहे, ऑक्सिजन देते’ हा युक्तिवाद जलपर्णीला लागू नाही; तिची पानं हवेत असतात, ऑक्सिजन हवेतच सोडतात, आणि खालचं पाणी अंधारात राहतं.

याच जोडीला माशांना घातल्या जाणाऱ्या कणकेच्या गोळ्या. पुण्याचं काम म्हणून लोक किलो-किलो कणीक टाकतात. एक किलो पीठ पूर्ण कुजायला, किंवा माशाच्या पोटात पचायला, साधारण एक किलो ऑक्सिजन लागतो. ३० अंशांच्या तुडुंब भरलेल्या पाण्याच्या भाषेत सांगायचं तर सव्वा लाख लिटरहून जास्त पाण्यातला सगळाच्या सगळा. निर्माल्याचा हिशेब फार वेगळा नाही. विसर्जनासाठी वेगळे कृत्रिम तलाव करण्यामागे मूर्तीच्या रंगांइतकंच हेही कारण आहे.

## कारंजी लावली की झालं?

कारंज्याचा पंप पाणी कुठून उचलतो हे आधी पाहावं. बहुतेक शोभेची कारंजी वरच्या अर्ध्या मीटरमधलंच पाणी उडवतात आणि तिथेच पाडतात. आसपासच्या माशांना आसरा मिळतो, तळाला काही नाही. तळाशी सोडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचं काम लोक समजतात त्याहून वेगळं आहे: तीन मीटर वर यायला बुडबुड्याला दहा-बारा सेकंद लागतात, तेवढ्यात त्यातला थोडाच ऑक्सिजन विरघळतो. खरा उपयोग असा की बुडबुडे तळाचं पाणी आपल्याबरोबर वर ओढून हवेला दाखवतात.

आणि इथेच चूक होते. मे महिन्यात कोणाच्या तरी लक्षात येतं, तळाशी यंत्रं बसतात, उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण जोराने सुरू होतात आणि पहिल्या पावसाने जे केलं असतं तेच यंत्र त्या दिवशी करतं. यंत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, थर बसण्याआधी सुरू व्हायला हवं. उशीर झालाच असेल तर पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, मग दोन तास, असं दुप्पट करत न्यावं. वरच पाणी उडवणारं चक्राचं एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मात्र रात्री दहा-अकरापासून सूर्य वर येईपर्यंत चालवावं. भर दुपारी हिरव्या पाण्यात ते चालवलं तर पाण्यात जादा भरलेला ऑक्सिजन उलट हवेत जातो.

नळाचं पाणी सोडायची घाई करू नये. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन ठेवतात आणि तेवढ्यानेही कल्ले भाजतात. घरच्या टाकीसाठी पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवावं, अधूनमधून ढवळावं. अरुंद तोंडाच्या कळशीत क्लोरीन बराच काळ टिकतो.

## बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, म्हणजे पाणी चांगलंच असणार?

मगर फुफ्फुसांनी हवा घेते. पाण्यात ऑक्सिजन शून्य असला तरी तिचं श्वासाबाबत काही अडत नाही. तिच्यावरून नदीत खाद्य आहे आणि काठावर बिळं करायला माती शिल्लक आहे एवढंच कळतं. पाण्याची परीक्षा करायची तर दगडाखालच्या किड्यांकडे आणि रोहूच्या पिल्लांकडे पाहावं.

## ऑक्सिजन आत येतो तसं मीठ बाहेर जातं

ज्या पातळ पापुद्र्यांतून ऑक्सिजन शिरतो, त्यांतूनच माशाच्या अंगातलं मीठ पाण्यात झिरपतं आणि पाणी आत येतं. माशाच्या रक्तात लिटरला नऊ-एक ग्रॅम क्षार, तळ्यात अर्धा ग्रॅमही नाही. हा तोटा भरून काढायला कल्ल्यांतल्या पेशी सतत खटपट करतात. घाबरलेला किंवा दमलेला मासा जोरात श्वास घेतो आणि जोरात मीठ गमावतो. म्हणून पिशवीतून मासे नेताना लिटरला एक ते तीन ग्रॅम साधं मीठ घालतात. कंपन्यांच्या रंगीत औषधांपेक्षा याचा भरवसा जास्त.

## स्वतः मोजायचं तर

विरघळलेल्या ऑक्सिजनचा किट प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. पद्धत १८८८ पासूनची, विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. नमुन्यात मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण टाकल्यावर तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे, गडद तितका जास्त. गाळ पांढराच राहिला तर जवळपास शून्य. पुढे आम्ल टाकून थेंब मोजले की आकडा मिळतो.

चूक होते ती पाणी भरताना. बाटली बुडवून बुडबुड करत भरली तर त्या बुडबुड्यांचाच ऑक्सिजन मोजला जातो, आणि मेलेल्या पाण्यातही तीन-चार मिलिग्रॅम दिसतात. बारीक नळी वजन बांधून हव्या त्या खोलीला सोडावी, पाणी ओढून नळीचं टोक बाटलीच्या तळाशी टेकवावं, आणि बाटलीच्या दोन-तीनपट पाणी काठावरून वाहून गेल्यावर हवा न अडकवता बूच लावावं. पृष्ठभाग, मीटरभर खाली आणि तळाच्या वीतभर वर असे तीन नमुने, सूर्योदयाआधी. द्रावणं तिथेच काठावर टाकावी; बाटली घरी नेईपर्यंत आतले जिवाणू ऑक्सिजन संपवत राहतात.

किट नसेल तर वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडावी. हिरव्या पाण्यात ती वीस सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली आणि दोन दिवस आभाळ भरलेलं असेल, तर एरेटर त्याच रात्री लावावं आणि माशांना खाणं घालणं बंद ठेवावं. सकाळी मेलेले मासे दिसलेच तर ते दुपार व्हायच्या आत काढावेत, कारण कुजताना तेही किलोमागे शे-दीडशे ग्रॅम तरी ऑक्सिजन खातात आणि तो वाचलेल्यांच्या वाट्यातून जातो.